चारशे सतरा पिपरडोहला कसा गेला

खैरी, २ जुलै

अश्विन,

जय भीम. 'सप्रेम' लिहिलं नाई, ते तू पाहून घेतलं असंनच. तीन वर्षांत तू माझा एक फोन उचलला नाई, आता तर नंबरच ब्लॉक करून ठेवला, म्हणून पोस्टानं पाठवून राह्यली. धानोऱ्याच्या गॅरेजचा पत्ता आईच्या उशीखाली सापडला. आईले पत्ता देते अन् मले नाई, हेही कळलं.

मुद्द्यावर येते. काल गडचिरोलीहून एका बाईंचा फोन आला. भामरागडकडच्या जंगलात बेडकांची मोजणी सुरू होऊन राह्यली, दहा वर्षं चालणार आहे, अन् त्या कामासाठी तुझं नाव जवळजवळ पक्कं झालं आहे. फक्त तू आधी जिथी काम केलं तिथल्या प्रमुखाचा अभिप्राय पाहिजे. अन् प्रमुख म्हणून तू माझं नाव दिलं. मेलवर फॉर्म आला. तीस जुलैपर्यंत भरून द्यायचा, नाई तर जागा दुसऱ्याले जाईल.

आता मले सांग, तुझ्या डोक्यात चालू काय आहे? ज्या कामावरून तुले काढलं त्याच कामाच्या माणसाचं नाव काऊन दिलं? ताई आहे, रक्ताची आहे, डोळे मिटून चांगलं लिहून देईल, असं धरून चालला? की मी वाईट लिहीन, अन् मंग आईले दाखवायले बरं, पहा, हिनं माझी भाकर दुसऱ्यांदा हिसकली? कालपासून दोन्हीकडून विचार करून पाह्यला. दोन्हीकडून तूच लबाड दिसते.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: उमेदवाराच्या नोंदींवर विश्वास ठेवता येईल का? तिथी मी काय लिहू? चारशे सतरा विसरला नसशील. आपल्या खैरीच्या बोडीतला, गावाजवळच्या त्या लहान तळ्यातला, तो मोठा पिवळा नर बेंडूक. त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप मी स्वतः बसवली होती, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. अठरा दिवसांनी तू पिपरडोहच्या तलावावर गेला अन् वहीत लिहिलं, 'चिप ४१७, नर, तब्येत चांगली.' खैरी ते पिपरडोह अकरा किलोमीटर. मधात नदी, मधात डांबरी रस्ता. हा बेंडूक आपल्या बोडीपासून अर्धा किलोमीटरही हलत नाई, हे आपण दोघांनीच आठ वर्षं मोजून काढलं होतं. चिप वाचायच्या यंत्रात नोंद नाई, म्हणे बॅटरी जाता जाता नंबर दिसला तो हातानं लिहिला. फोटो नाई. कसा गेला विचारलं तर तू भिंतीकडं पाहत उभा राह्यला.

घरी बसून वही भरली तू. दुसरं काय समजायचं? आपली मोजणी चालवणाऱ्या बंगळुरूच्या मॅडमनं बरोबर पकडलं. तुले काढलं, अन् तुझ्या शेवटच्या तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी बाद केल्या. अकरा वर्षांच्या मोजणीत आता मधात तीन वर्षांचं भगदाड आहे. कोणी आलेख पाह्यला की पहिलं तेच विचारते, अन् उत्तर मले द्यावं लागते.

तुझा खरा हेतू काय आहे तो कळव. मंग फॉर्मचं पाहू.

संघप्रिया

*

खैरी, ११ जुलै

अश्विन,

तुझं कार्ड मिळालं. 'ताई, तुले जे वाटते ते लिही. आईले जय भीम.' बस. तीन वर्षांनी एवढंच? मी दोन पानं लिहिली अन् तू एक ओळ. त्या ओळीतही मले सरळपणा दिसत नाई. ज्याले नोकरी पाहिजे तो माणूस असं लिहिते का? हात जोडते, नाई तर भांडते. तू दोन्ही केलं नाई. म्हणजे तुले माहीत आहे की माझ्याजवळ पुरावा आहे, अन् तुझ्याजवळ काहीच नाई.

जुनी वही काढून पाह्यली. त्या दिवशीच्या पानावर तुझं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आहे. ४१७ च्या खाली दोन वेळा रेघ मारली. खरी नोंद करणारा माणूस रेघ काऊन मारंल? आपण बाकी कोणत्या नंबराखाली मारली नाई. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आता आलं.

एक गोष्ट लक्षात ठेव. गावात यातलं कोणाले काही माहीत नाई. तू गेल्यावर मी सगळ्यांले सांगितलं की अश्विनले धानोऱ्याले चांगलं काम लागलं, म्हणून इथलं सोडलं. बायनाबाईलेही तेच सांगितलं. ती अजून विचारते, भाऊ कसे आहेत, पगार वाढला का. मी हो म्हणते. तुझी इज्जत मी राखली आहे, तू नाई.

बायनाबाई अजून माझ्यासंगच आहे. सकाळी सहाला आम्ही दोघी बोडीवर जातो, जमिनीत पुरलेल्या बादल्या पाहतो, रात्रीतून काय पडलं ते मोजतो, चिप वाचतो, सोडून देतो. साठी झाली तिची, पण चिखलात माझ्यापेक्षा जोरात चालते. मासोळ्या धरणाऱ्या ढिवराच्या घरची आहे, पाण्याजवळ तिले काही शिकवावं लागत नाई. यंदा मात्र बादल्या रिकाम्याच आहेत. बावीस दिवस झाले, पाणी नाई. धानाचे पऱ्हे पिवळे पडून राह्यले. बोडीत घोट्याएवढा चिखल उरला अन् त्यात बेंडकं दबून बसली आहेत. गावातले लोक आभाळाकडं पाहतात अन् आमच्याकडं पाहून म्हणतात, मोजा बेंडकं, दुसरा धंदा काय तुमाले.

फॉर्म तसाच पडून आहे. मी अजून काही लिहिलं नाई.

संघप्रिया

*

खैरी, १९ जुलै

अश्विन,

हे तू काय केलं?

आज सकाळी मी पिपरडोहच्या तलावावर गेली, दर पंधरवड्याची फेरी असते तशी. एकटीच होती, बायनाबाई बाजारात होती. काठाच्या बादलीत एक नर सापडला, मोठा, दणकट. यंत्र लावलं. दोनशे तेहतीस. मी यंत्र पुसून पुन्हा लावलं. दोनशे तेहतीस आपल्या खैरीच्या बोडीतला आहे. पाच वर्षांआधी मीच चिप घातली. नऊ दिवसांआधी मीच त्याले बोडीच्या चिखलातून काढून वाचलं. यंत्राची बॅटरी भरलेली, नोंद झाली, फोटो काढला, तीन वेळा वाचलं. तीनही वेळा दोनशे तेहतीस.

नऊ दिवसांत अकरा किलोमीटर, तेही कोरड्या दिवसांत. बेडकानं पायी केलं असंन असं मले सांगू नको.

अन् त्याच्या कमरेभोवती दोऱ्याचा वळ आहे. कातडी घासली गेली आहे चारही बाजूंनी. म्हणजे कोणी तरी त्याले बांधून नेलं. सूरजच्या चहाच्या टपरीवर विचारलं तर तो म्हणते, मागच्या गुरुवारी तुमचा अश्विन मोटरसायकलीवर दिसला, थांबला नाई, पिपरडोहकडं गेला. झालं, सगळं जुळलं. फॉर्मची तारीख जवळ आली, तुले दाखवायचं होतं की पहा, बेंडूक जाऊ शकते, तेव्हाही गेला होता. म्हणून गुपचूप आला, बोडीतून बेंडूक उचलला, दोरीनं बांधला अन् पिपरडोहले सोडला. अन् कोणाच्या हाती लागावा म्हणून? माझ्याच. माझ्या फेरीचा दिवस तुले माहीत आहे.

मले तुझी लाज वाटून राह्यली, अश्विन. एका खोट्यावर दुसरं खोटं. मुक्या जीवाची कमर कापून. घरापासून हाकेवर येऊन गेला अन् आईले भेटला नाई, तेही सोड. पण आपल्या अकरा वर्षांच्या कामात तू मुद्दाम घाण कालवली. जे तीन वर्षांआधी चुकून झालं असंन असं मी कधी कधी मनाले समजावत होती, ते आता समजावता येत नाई.

उद्या बायनाबाईले फोटो दाखवते. तीही साक्षीदार राहील. मंग फॉर्म भरते, अन् जसं आहे तसं लिहिते.

संघप्रिया

*

खैरी, २१ जुलै

अश्विन,

मागचं पत्र मिळालं असंन तर फाडून टाक. मिळालं नसंन तर उघडू नको. नाई, उघड. मी काय लिहू शकते ते तुले माहीत असलेलं बरं.

काल सकाळी बोडीवर बायनाबाईले फोटो दाखवला. म्हटलं, बाई, हे पहा, बांधून नेलेला आहे, कोणी नेला असंन? तिनं मोबाइल डोळ्याजवळ धरला, दूर धरला, अन् म्हणे, "हा तं आमचा धोंडीचा व्हय."

मी म्हटलं, कोणती धोंडी?

"आता बाई, पानी नाई आलं तं धोंडी काढाव लागते का नाई? मुसळाले लिंबाचा पाला बांधतो, पाल्यात बेंडूक बांधतो, घरोघरी फिरवतो. घरवाल्या वरतून पानी टाकतात. शेवटी बेंडकाले भरल्या पान्यात सोडाव लागते. त्यो मेला तं पानी कायचं येते? आपल्या बोडीत चिखल हाय. मंग मी गुरुवारी पिपरडोहच्या बाजारले जातो मासोळ्या घेऊन, तं टोपल्यात वल्ल्या फडक्यात घालून नेला. माहेर हाय ना माझं तिथी. तलाव भरला असते."

मी विचारलं, बसनं नेला?

"एसटीनं. पायी कोन जाते बाप्पा."

अश्विन, आपण या गावात जन्मलो. धोंडी निघते हे मले माहीत होतं. पण आबाजींनी छप्पन साली दीक्षा घेऊन हे सगळं सोडलं तेव्हापासून ती आपल्या वस्तीवर येत नाई, अन् आपणही पाहायले जात नाई. त्या बाया बेंडूक कुठून आणतात, नंतर त्याचं काय करतात, हे मी जन्मात कधी विचारलं नाई. ते त्यांचं आहे, अंधश्रद्धा आहे, आपल्याले काय करायचं, असं म्हणून पुढं गेली. अकरा वर्षं मी त्या बोडीतली बेंडकं मोजून राह्यली, अन् गावातले लोक त्यातला सगळ्यात मोठा बेंडूक निवडून नेतात हे मले माहीत नव्हतं. चिप आपण मोठ्यांनाच घालतो. निवडायची नजर दोघांची सारखीच.

विचारलं, तीन वर्षांआधीही काढली होती का धोंडी? ती म्हणे, "काढली तं. तवाही असंच झालं होतं, पऱ्हे वाळले होते. तवाही मीच नेला होता." मंग म्हणे, "अश्विनभाऊले तवाच सांगतलं होतं मी. भाऊ पिपरडोहवरून आले, लय खुशीत होते, म्हनत, बायनाबाई, आपला बेंडूक अकरा किलोमीटर गेला. मी हासली. म्हनलं, भाऊ, त्यो माझ्या टोपल्यात गेला."

त्या दोन रेघा खुशीच्या होत्या. मी त्याही पुराव्यात मोजल्या.

मी म्हटलं, मंग मले काऊन नाई सांगितलं? ती चिखलाकडं पाहत होती. "तुमी आमच्या देवाधर्माले हासता बाई. मनानं चांगल्या हा, पन हासता. अन् बोडीवर आता पाटी हाय, जीव उचलला तं केस होते. जंगलखात्याच्या प्रफुल गार्डानं एकाले सायाळ मारल्यापायी नाई का नेलं? मी भाऊले म्हनलं, आता तुमीच सांगा ताईले. तं भाऊ म्हने, नाई, ताईले सांगतलं तं ताई वर लिहून पाठवंल. तिच्यानं काई लपवनं होत नाई. तुमी चूप राहा, मी पाहतो. मंग भाऊले चांगलं काम लागलं अन् ते गेले."

चांगलं काम. मी गावभर सांगितलेलं. माझ्या त्या एका गोष्टीमुळं ही बाई तीन वर्षं माझ्याजवळ उभी राहून बादल्या मोजत राह्यली, अन् तिले माहीतच नाई की तिच्यापायी तुझं काम गेलं. मी खरं सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी आपल्या दारात आली असती. मी काल तिले खरं सांगितलं. ती बोडीच्या पाळीवर बसली अन् पदर तोंडाले लावून रडली. म्हणे, "माझं नाव लिहा बाई. प्रफुल नेते तं नेऊ द्या. माझ्यानं भाऊची भाकर गेली." मी तिले उठवलं अन् घरी पोहोचवून दिलं.

अजून एक. ते लिहायले सारी रात्र गेली, म्हणून हे पत्र काल न टाकता आज टाकून राह्यली. मॅडमनं तुले पकडलं नव्हतं. त्यांना काही कळलंच नव्हतं. मेल मी केला होता. वहीचा फोटो जोडून, खाली लिहिलं होतं की ही नोंद बनावट आहे असं माझं ठाम मत आहे. तुले वाटू दिलं की वरून आलं. तू घर सोडताना मी दारात उभी राहून म्हटलं होतं, माझ्या हातात काही नव्हतं रे.

तू म्हणाला होता ताईच्यानं काही लपवणं होत नाई. तेवढंच तुझं माझ्याबद्दल चुकलं. बाकी बरोबर ओळखलं तू मले. तेव्हा तू खरं सांगितलं असतं तर मी बायनाबाईचं नाव घालून मेल केला असता, प्रफुलले कॉपी टाकून. मी स्वतःले विचारून पाह्यलं, नाई केला असता का? केला असता. हे लिहिताना मले जेवढं वाईट वाटून राह्यलं तेवढं बाबा गेले तेव्हा नव्हतं वाटलं.

रागही येते तुझा. एवढं एकट्यानं गिळून तू धानोऱ्याले गाड्यांचं ग्रीस पुसत बसला अन् मले तीन वर्षं शहाणी समजू दिलं. भांडायचं होतं माझ्यासंग. ताट आपटायचं होतं. मी ऐकलं नसतं, पण आपटायचं होतं.

सूरजले काल पुन्हा विचारलं. म्हणे, हेल्मेट घालून होता, चेहरा नाई दिसला, पण गाडी तशीच होती. तशी गाडी अर्ध्या जिल्ह्याजवळ आहे.

ताई

*

खैरी, २८ जुलै

अश्विन,

तुझ्याकडून काही आलं नाई. मीही वाट पाहिली नाई, कारण वाट पाहायले वेळ नव्हता.

आधी मॅडमले फोन केला. म्हटलं, ४१७ ची नोंद खरी होती. माणसांनी नेला, गावच्या रिवाजात, अन् जिवंत सोडला. यंदाचा २३३ तोच पुरावा आहे, यंत्रातली नोंद अन् फोटो पाठवते. अश्विन मेश्रामच्या तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी परत घ्या. अन् त्या खोट्या आहेत हे मी लिहिलं होतं, कोणाले न विचारता, ती चूक माझी आहे. मॅडमनं विचारलं, कोणी नेला, नाव काय? मी म्हटलं, गावानं. त्या म्हणाल्या, गाव म्हणजे कोण? मी म्हटलं, बोडीची जबाबदारी माझ्याकडं आहे, तर माझं नाव घाला. त्यांना ते आवडलं नाई. कदाचित पुढच्या वर्षी मले ठेवणार नाईत. पण नोंदी परत घेतो म्हणाल्या, लेखी आलं आहे, त्याची झेरॉक्स जोडली आहे.

बायनाबाई तीन दिवस कामावर आली नव्हती. मी तिच्या घरी गेली, चहा प्यायली. पहिल्यांदाच, अकरा वर्षांत. मी म्हटलं, बाई, पुढच्या टायमाले धोंडी काढली तर बेंडूक मुसळाले बांधायच्या आधी मले दाखवाल का? मी हासणार नाई. ती म्हणे, "मंग तुमीच काऊन नाई येत पाहाले?" मी म्हटलं येईन. वहीत नवा रकाना आखला आहे, 'माणसांनी नेले'. त्यात आता दोन नोंदी आहेत. मागच्या वर्षांत किती बेंडकं अशी गेली असतील अन् आपण त्यांना मेली धरून मोजलं असंन, ते आता शोधावं लागंल. यंदाचं काम त्यातच जाणार.

बोडीत गुडघ्याएवढं पाणी झालं आहे.

फॉर्म आज दुपारी पाठवला. नोंदींवर विश्वास ठेवता येईल का, तिथी लिहिलं: होय, पूर्ण. मी त्यांच्यावर एकदा शंका घेतली होती, शंका खोटी निघाली, नोंद खरी निघाली. काम सोडण्याचं कारण, तिथी लिहिलं: माझी खोटी तक्रार. उमेदवाराचे दोष, तिथी लिहिलं: फोटो काढायले विसरतो, बॅटरी भरायले विसरतो, अन् दुसऱ्यांले वाचवायले स्वतःचं नुकसान करून घेतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

शेवटचा प्रश्न होता, या व्यक्तीसोबत तुम्ही पुन्हा काम कराल का? बाकी सगळं मी अर्ध्या तासात भरलं, या एका चौकोनापुढं दुपार गेली. पहिल्यांदा 'हो' लिहिलं. मंग वाटलं, हे मी कोण लिहिणारी? खोडलं. त्याजागी लिहिलं, हे मले नाई, त्याले विचारा.

ताई